हिशेब न लागणारा गुणतक्ता

माझ्या वडिलांनी कराडला तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. २०२५ च्या मार्चमध्ये ते आमच्याकडे कॅनडात कॅलगरीला आले तेव्हा बाहेर अजून बर्फ होता आणि घरात एकच विषय होता: आमच्या गावाचा संघ, कॅलगरी फ्लेम्स, यंदा प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीत, जाणार की नाही. बाबांना आइस हॉकी काही केल्या कळेना. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबराची चकती, इतका लहान आणि इतका वेगात, की टीव्हीवर तो त्यांना सापडायचाच नाही. गुणतक्ता मात्र त्यांनी धरून ठेवला. एका सकाळी चहाच्या वेळी बघते तर बत्तीसही संघांचे आकडे कागदावर उतरवून त्यांनी खाली बेरजा मांडल्या होत्या. म्हणाले, "अगं, विजय आणि पराभव जुळतात. गुण जुळत नाहीत. एका सामन्याला दोन गुण म्हणालीस ना तू? मग हे वरचे आले कुठून?"

मी समजावून सांगितलं. साठ मिनिटांत निकाल लागला तर जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्याला शून्य. साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, गोलरक्षक सोडून तीन विरुद्ध तीन, पहिला गोल झाला की खेळ संपला. तिथेही गोल झाला नाही तर शूटआउट: एकेका खेळाडूने एकट्याने जाऊन समोरच्या गोलरक्षकाला चकवायचं. या पुढच्या भागात जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात, आणि हरणाऱ्यालाही एक मिळतो. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे काही सामने दोन गुणांचे आणि काही तीन गुणांचे. आणि कुठला सामना किती गुणांचा, हे तो खेळणारे दोघंच ठरवणार?"

दहा वर्षं मी हा खेळ बघते आहे, आणि इतक्या वर्षांत या नियमाचं दुखणं इतक्या नेमकेपणाने मला सांगता आलं नव्हतं. इथे लोक त्या जादा गुणाला 'लूझर पॉइंट' म्हणतात आणि हरलेल्याला बक्षीस कशाला, असा वाद घालतात. मला तो वाद चुकीच्या जागी घातलेला वाटतो. पासष्ट मिनिटं तोडीस तोड खेळून हरलेल्याला काहीतरी मिळावं, यात गैर काहीच नाही. गैर हे आहे, की सामन्याची किंमत मध्येच वाढते आणि ती वाढवणं दोन्ही संघांच्या फायद्याचं असतं. नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, प्रत्येक सामना तीन गुणांचा करावा: साठ मिनिटांत जिंकला तर तीन-शून्य, पुढे जिंकला तर दोन-एक. एवढीच माझी मागणी आहे.

हा घोळ एका दिवसात झालेला नाही. लीग १९१७ मध्ये सुरू झाली आणि बरोबरीचं काय करायचं हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे आहे. पूर्वी साखळी सामन्यांतही जादा वेळ खेळवत. तो १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला, आणि त्याचं कारण खेळात नव्हतं. महायुद्ध चालू होतं, संघ आगगाडीने फिरत, गाड्यांच्या वेळांवर निर्बंध आले होते. सामना लांबला तर गाडी चुकायची. पुढे युद्ध संपलं, संघ विमानाने फिरू लागले, नियम मात्र तसाच राहिला. चार दशकं साठ मिनिटांनी बरोबरी म्हणजे बरोबरी, एकेक गुण घ्या आणि घरी जा.

१९८३-८४ च्या हंगामात पाच मिनिटांचा ओव्हरटाइम परत आला. गोल झाला तर दोन-शून्य, नाही झाला तर एक-एक. पण साठ मिनिटं घाम गाळून जो एक गुण जवळजवळ पदरात पडलाय, तो शेवटच्या पाच मिनिटांत कोण पणाला लावेल? दोन्ही संघ जपून खेळायचे. म्हणून १९९९-२००० पासून लीगने दोन बदल केले. ओव्हरटाइममध्ये दोन्हीकडचा एकेक खेळाडू कमी करून चार विरुद्ध चार केलं, आणि ओव्हरटाइममध्ये हरलं तरी तो एक गुण जाणार नाही असं ठरवलं. पदरातलं जात नाही म्हटल्यावर माणूस मोकळ्या हाताने खेळतो, हा त्यामागचा विचार, आणि तो खोटा नव्हता. ओव्हरटाइम खरोखरच रंगू लागला. पण तिथून हाकललेली भीती तिसऱ्या, म्हणजे साठ मिनिटांतल्या शेवटच्या, पिरियडच्या अखेरच्या दहा मिनिटांत जाऊन बसली, आणि ती तिथेच मुक्कामाला आहे.

मग २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादात वाहून गेला. एकही सामना झाला नाही. परत आल्यावर प्रेक्षकांना काहीतरी नवं द्यायचं म्हणून २००५-०६ पासून शूटआउट आलं आणि बरोबरी हा निकालच संपला. लीगची खरी चूक मला इथे दिसते. हरणाऱ्याचा गुण १९९९ मध्ये आला तो बरोबरीच्या मोहावर उतारा म्हणून. ओव्हरटाइममध्ये जपून खेळण्याचा मोह होता, कारण जपून खेळलं की बरोबरी मिळायची. आता बरोबरी मिळणारच नव्हती. रोग गेला होता, औषध मात्र चालूच ठेवलं. २०१५-१६ मध्ये शूटआउट कमी व्हावीत म्हणून ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन केला, त्याने ती कमी झालीही. पण एवढ्या सगळ्या डागडुजीत साठाव्या मिनिटाच्या अलीकडे काय चाललंय, याला कुणी हात लावला नाही.

काय चाललंय ते बाबांच्या पद्धतीने मांडते. दोन तुल्यबळ संघ, पन्नासावं मिनिट, फलकावर २-२. आता उरलेल्या दहा मिनिटांत निकाल लावायचा म्हणून दोघं तुटून पडले, तर प्रत्येकाला निम्मी शक्यता दोन गुणांची आणि निम्मी शून्याची. सरासरी एक गुण. उलट दहा मिनिटं दोघांनी काहीच घडू दिलं नाही, तर प्रत्येकाला एक गुण नक्की आणि दुसऱ्याची निम्मी शक्यता. सरासरी दीड. म्हणजे काहीही न करण्याचा मोबदला अर्धा गुण, तोही दोघांना. यासाठी कुणी कुणाशी संगनमत करायची गरज नाही. बाकावर उभ्या असलेल्या दोन्ही प्रशिक्षकांना ही आकडेमोड पाठ असते.

त्यात आणखी एक पदर आहे. प्रत्येक संघाच्या ८२ सामन्यांपैकी ३२ दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या (लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट आहेत) संघांशी होतात, आणि प्लेऑफच्या जागा कॉन्फरन्सनुसार ठरतात. कॅलगरी पश्चिमेत, बोस्टन पूर्वेत. बोस्टनला एक गुण जास्त मिळाला तर कॅलगरीचं काय बिघडलं? अशा सामन्यात दहा मिनिटं थांबणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशाला हात न लावता आपला खिसा भरणं. मी प्रशिक्षक असते तर मीही माझ्या खेळाडूंना थांबा म्हणाले असते. नियम तेच सांगतो.

रिंकमध्ये बसलं की हे डोळ्यांना दिसतं. सामना बरोबरीत असेल तर शेवटच्या आठ-दहा मिनिटांत बचावपटू समोरच्याच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर पुढे सरसावणं सोडून देतात. पक मध्यरेषेपलीकडे नेऊन समोरच्या कोपऱ्यात भिरकावतात आणि सगळे मागे वळतात. जोखमीचा पास कुणी देत नाही. अठरा-एकोणीस हजार माणसं उठून उभं राहायला तयार असतात आणि बर्फावर दोन्ही बाजू घड्याळाकडे बघत असतात. साठाव्या मिनिटाचा भोंगा वाजतो तेव्हा दोन्ही बाकांवर सुटकेचा श्वास असतो, आणि मग अचानक तीन विरुद्ध तीनचा धावता खेळ सुरू होतो. पाचातला किमान एक सामना हल्ली या वळणाला जातो. आमच्याकडे एका तिकिटाला जे पैसे पडतात त्यात चौघांचं कुटुंब आठवडाभराचा किराणा भरू शकतं. त्या पैशात मला सामन्याची शेवटची दहा मिनिटं हवी आहेत.

हा जादा गुण म्हणजे जपून खेळण्याचा मोबदला आहे, हे लीगच्याच एका दुसऱ्या नियमात उघड दिसतं. ओव्हरटाइममध्ये एखाद्या संघाने जिंकायच्या ईर्ष्येने आपला गोलरक्षक काढून जास्तीचा खेळाडू उतरवला आणि रिकाम्या जाळ्यात गोल खाल्ला, तर त्याचा एक गुणही जातो. हातातलं पणाला लावाल तर ते काढून घेऊ, असा त्याचा अर्थ. मार्च २०२४ मध्ये मिनेसोटा वाइल्डच्या प्रशिक्षकांनी लास व्हेगासविरुद्ध नेमकं हेच केलं. प्लेऑफच्या शर्यतीत मागे पडलेल्या त्यांच्या संघाला एका गुणाचा उपयोगच नव्हता, दोन्ही हवे होते. गोलरक्षक बाहेर, चार जण चढाईला, आणि मॅट बोल्डीने गोल करून सामना जिंकून दिला. त्या दिवशी मी सोफ्यावरून उडी मारली होती, आणि मिनेसोटा माझा संघही नाही. खेळाने माणसाला असं उठवायला हवं. नियम मात्र त्या धाडसाला दंड लावून बसला आहे.

आता गुणतक्त्याकडे येते. ३२ संघ, प्रत्येकी ८२ सामने, एकूण १,३१२ सामने. दोन गुणांच्या हिशेबाने २,६२४ गुण वाटले जायला हवेत आणि सरासरी संघाचे ८२ व्हायला हवेत. प्रत्यक्षात सरासरी नव्वदीच्या आसपास जाते. त्यामुळे तक्त्याकडे बघून संघ बरा आहे की सुमार, हेच कळेनासं होतं. निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाला इथे (०.५०० वरून) 'पाचशे'चा संघ म्हणतात, आणि 'पाचशे'च्या वर असणं ही शाबासकी समजली जाते. २००९-१० च्या हंगामात न्यू यॉर्क रेंजर्सनी ३८ सामने जिंकले, ३३ साठ मिनिटांत हरले आणि ११ त्यानंतर हरले. ८२ पैकी ४४ पराभव. गुण ८७, म्हणून 'पाचशे'च्या वर! एखाद्या दुकानदाराने निम्म्याहून जास्त महिने तोटा सोसला आणि वर्षाच्या शेवटी वहीत नफा दाखवला, तर आपण आधी वही तपासायला घेऊ.

रेंजर्सचा तो हंगाम संपला कसा, तेही सांगते. ११ एप्रिल २०१०, साखळीचा शेवटचा दिवस, समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स. दोघांचे ८६ गुण. जिंकेल तो प्लेऑफमध्ये, हरेल तो घरी. पासष्ट मिनिटांनी १-१, मग शूटआउट. शेवटचा प्रयत्न रेंजर्सच्या ओली योकिनेनचा होता. गोलरक्षक ब्रायन बाउचरने तो अडवला आणि फ्लायर्स आत गेले. तिथून त्यांनी बोस्टनविरुद्धची मालिका ०-३ ने मागे पडून जिंकली आणि थेट स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. ८१ सामन्यांनी दोघांना एका रेषेवर आणलं आणि ८२ व्याचा निकाल गोलपोस्टसमोरच्या काही सेकंदांनी लावला.

शूटआउटबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे, हे कबूल करायला हवं. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गने कॅनडाच्या कोरी हर्शला ज्या एका हाताने चकवलं, त्याचं स्वीडनने टपाल तिकीट काढलं. १९९८ मध्ये नागानोला चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेकने कॅनडाच्या पाचही जणांना गोल करू दिला नाही, आणि वेन ग्रेट्झकी, ज्याच्याइतके गोल आणि पास तोवर एनएचएलमध्ये कुणाच्या नावावर नव्हते, बाकावर बसून बघत राहिला, कारण पाच जणांत त्याचं नावच नव्हतं. हे बघताना काळजाचा ठोका चुकतो. ते मला नाकारायचं नाही. पण आइस हॉकी म्हणजे पाच जणांनी मिळून जागा तयार करणं, बाकावरून चालत्या खेळात खेळाडू बदलणं, भिंतीपाशी पकसाठी झुंजणं. यातलं काहीही शूटआउटमध्ये नसतं. लीगलाही हे ठाऊक आहे. प्लेऑफमध्ये शूटआउट नाही, तीन विरुद्ध तीन नाही, फुकटचा गुण नाही. वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड, पाच विरुद्ध पाच, गोल होईपर्यंत. १९३६ च्या मार्चमध्ये डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत खेळत राहिले, तेव्हा कुठे सामन्यातला एकमेव गोल झाला. २०२० मध्ये टँपा बे आणि कोलंबसचा सामना पाच ओव्हरटाइम चालला आणि कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने ८५ फटके अडवले. कप देताना जे माप लीगला विश्वासाचं वाटत नाही, त्याच मापाने ती साखळीत पूर्ण विजयाचे दोन गुण तोलून देते.

२०१४-१५ च्या लॉस एंजेलिस किंग्जना हे माप महाग पडलं. २०१२ आणि २०१४ चे विजेते, आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफबाहेर. त्यांचा हिशेब ४०-२७-१५ (विजय, साठ मिनिटांतले पराभव, त्यानंतरचे पराभव), गुण ९५. त्यांच्या वर आमचे फ्लेम्स, ४५-३०-७, गुण ९७. साठ मिनिटांत किंग्ज २७ वेळा हरले आणि फ्लेम्स ३० वेळा. किंग्जनी शूटआउटला गेलेल्या दहा सामन्यांपैकी आठ गमावले. माझ्या गावाने त्या वर्षी मिरवणुका काढल्या. आता दहा वर्षांनी त्या तक्त्याकडे बघताना मला वाटतं, आम्ही ओव्हरटाइम आणि शूटआउट जास्त चांगले खेळलो म्हणून आत गेलो, आणि तेवढ्याने आत जायला मिळावं की नाही, हा प्रश्न तेव्हा आम्ही कुणी विचारला नाही.

मग २०२५ आलं. एप्रिलमध्ये फ्लेम्स ४१-२७-१४ वर थांबले, ९६ गुण. सेंट लुइस ब्लूज ४४-३०-८, त्यांचेही ९६. जागा एकच होती. पूर्वेकडे माँट्रियल ९१ गुणांवर आत गेलं. ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे अन्याय झाल्याची भाषा होती. मीही दोन दिवस त्याच सुरात बोलत होते. बाबांनी मला गप्प केलं. त्यांनी फक्त विचारलं, "सेंट लुइसने तीन सामने जास्त जिंकलेत. मग गुण सारखे कसे?" उत्तर सोपं होतं. आम्ही चौदा वेळा हरून गुण घेतला होता, त्यांनी आठ वेळा.

ती बरोबरी सुटली ती साठ मिनिटांतल्या विजयांवर. त्यात सेंट लुइस पुढे होतं. गुण समान झाले तर नियमित वेळेतले विजय आधी बघायचे, हा नियम २०१९-२० पासून आहे. त्यासाठी गुणतक्त्यात 'आरडब्ल्यू' नावाचा वेगळा रकाना असतो. मी ज्या उपायाची गोष्ट करते आहे तो या रकान्यात आहे. साठ मिनिटांतल्या विजयाला दोनऐवजी तीन गुण द्यायचे, बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं, तर नवे गुण काढायला काय करावं लागेल? आजच्या गुणांत आरडब्ल्यूचा आकडा मिळवायचा. बस्स. प्रत्येक नियमित विजयामागे एकच गुण वाढतो, बाकी काही हलत नाही. म्हणजे लीग हा आकडा रोज मोजते, रोज छापते, आणि गुण समान झाल्याशिवाय त्याकडे बघत नाही. तो बेरजेत घ्या, एवढंच म्हणणं आहे. माझ्या संघाला त्याने २०२५ मध्ये फायदा झाला नसता. सेंट लुइसच पुढे राहिलं असतं. तरीही मी हे म्हणते आहे.

यात एनएचएलला परकं असंही काही नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक स्पर्धेत २००७ पासून हीच पद्धत आहे, ऑलिंपिकमध्येही आहे. स्वीडनची वरची लीग अशीच खेळते. १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत पहिला सामना खेळलेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगने, पीडब्ल्यूएचएलने, पहिल्या दिवसापासून तीन-दोन-एक-शून्य स्वीकारलं. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण घरचंच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनएचएलने स्वतः माँट्रियल आणि बोस्टनला चार देशांची स्पर्धा भरवली. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, सगळे खेळाडू याच लीगचे. तिथे साठ मिनिटांतल्या विजयाला किती गुण होते? तीन. कॅनडाने पहिल्या सामन्यात स्वीडनला ओव्हरटाइममध्ये हरवलं तेव्हा त्यांना दोन मिळाले, स्वीडनला एक. आकाश कोसळलं नाही. प्रेक्षकांना समजायला जड गेलं नाही. स्पर्धा संपल्यावर तेच खेळाडू आपापल्या संघांत परतले आणि पुन्हा जुनं गणित सुरू झालं.

मराठी वाचकाला तर हे अजिबातच नवं नसावं. आपला भारतीय हॉकी संघ प्रो लीगमध्ये जे सामने खेळतो तिथे विजयाला तीन गुण, बरोबरी झाली तर एकेक आणि शूटआउट जिंकणाऱ्याला वर एक. कसंही फिरवा, सामना तीन गुणांचाच राहतो. रणजी करंडकातही निर्णायक विजयाला सहा गुण, आणि सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीचे तीन, दुसऱ्याला एक. तिथेही एकूण गुण बदलतात, पण निकाल लावणाऱ्याच्या बाजूने बदलतात. पहिल्या डावाची आघाडी घेऊन मग सामना मारून टाकणारे संघ आपण पाहिलेत, आणि त्यावर भरपूर टीकाही केली आहे. एनएचएलने तर निकाल न लावणाऱ्यांसाठी जास्तीची थैली ठेवली आहे.

प्रो कबड्डीचं उदाहरण मला बाबांनी फोनवर दिलं, परत गेल्यावर. तिथे पूर्वी विजयाला पाच, सात किंवा कमी गुणांनी हरलं तर एक, आणि बरोबरीला दोघांना तीन-तीन. म्हणजे सामना कधी पाचाचा, कधी सहाचा. २०२५ च्या बाराव्या हंगामात त्यांनी ते सगळं मोडीत काढलं. विजयाला दोन, पराभवाला शून्य, आणि बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांचा टायब्रेकर, तरीही सुटलं नाही तर गोल्डन रेड. साखळीत पहिल्या आलेल्या पुणेरी पलटणचे २६ गुण म्हणजे तेरा विजय, दुसरा अर्थच नाही. बाबा खूश होते. आइस हॉकीतही असंच सरळ दोन-शून्य का करू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कबड्डीत टायब्रेकरही चढाई आणि पकड यांचाच असतो, म्हणजे कबड्डीच असते. शूटआउट हा आइस हॉकीचा एक तुकडा आहे. पासष्ट मिनिटं बरोबरीत राहिलेल्या संघाला त्या तुकड्यावर शून्य देणं मला जड जातं. म्हणून दोन-एक. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आता विरोधकांची बाजू. कमिशनर गॅरी बेटमन १९९३ पासून लीग चालवतात, आणि शर्यत शेवटपर्यंत चुरशीची राहते हे सध्याच्या पद्धतीच्या बाजूने नेहमी पुढे केलं जातं. मार्च संपत आला तरी निम्म्याहून जास्त गावांत आशा जिवंत असते, स्टेडियम भरलेली असतात. हा मुद्दा मी हलका समजत नाही. कॅलगरीच्या लांबलचक हिवाळ्यात आशेची किंमत काय, ते मला माहीत आहे. पण ती चुरस जवळून बघा. मागचा संघ जिंकतो आणि पुढचा हरूनही एक गुण घेतो. अंतर दोनाने कमी व्हायच्या जागी एकाने होतं. तक्त्यावर सगळे जवळजवळ दिसतात, पण पुढच्याला गाठता येत नाही. तीन गुणांच्या पद्धतीत आकड्यांतली अंतरं वाढतील, हे खरं. पण थेट प्रतिस्पर्ध्याला साठ मिनिटांत हरवलं तर एका रात्रीत तीन गुणांची दरी बुजेल. मला ती आशा जास्त खरी वाटते.

दुसरा आक्षेप असा, की जुने हंगाम नव्या पद्धतीने मोजले तर क्रम फारसे बदलत नाहीत, मग उठाठेव कशाला? जुने सामने जुन्या नियमाखाली खेळले गेलेत. त्या पन्नासाव्या मिनिटाला संघ थांबले, कारण थांबण्यात फायदा होता. नियम बदलला असता तर ते सामनेच वेगळे झाले असते. जुन्या निकालांवर नवे गुण चिकटवून ते कसं कळणार? आणि क्रम खरोखरच बदलणार नसतील, तर बदलाला घाबरायचं कारणही उरत नाही.

राहिला विक्रमांचा प्रश्न. बोस्टनने २०२२-२३ मध्ये १३५ गुण मिळवून माँट्रियलचा १९७६-७७ मधला १३२ गुणांचा विक्रम मोडला. पण माँट्रियलने ८० सामन्यांत ६० विजय आणि १२ बरोबऱ्या नोंदवल्या होत्या, बोस्टनने ८२ सामन्यांत ६५ विजय, आणि बरोबरी हा प्रकारच तोवर उरला नव्हता. हे दोन आकडे एका रांगेत उभे करण्याची वेळ २००५ मध्येच गेली. आता जपायला काही शिल्लक नाही.

बदल करायचा तर वेळही चालून आली आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ च्या हंगामापासून प्रत्येक संघाचे ८२ ऐवजी ८४ सामने होणार आहेत. वेळापत्रक नव्याने मांडावं लागणार, सगळ्या सरासऱ्या बदलणार, जुन्या हंगामांशी तुलना पुन्हा एकदा तुटणार. संघांचे जनरल मॅनेजर दर मार्चमध्ये एकत्र बसतात आणि नियमांवर खल करतात. ओव्हरटाइममध्ये पक घेऊन मागे फिरण्यावर बंदी घालावी का, तो आणखी लांबवावा का, यावर त्यांनी तास घालवलेत. एक तास त्यांनी पन्नासाव्या मिनिटाला द्यावा.

बाबांना मी ८४ सामन्यांची बातमी सांगितली तेव्हा त्यांनी फोनवरच गुणाकार केला. बत्तीस संघ, १,३४४ सामने, तीन-तीन गुण. ४,०३२. "सामने कसेही जाऊ देत," म्हणाले, "शेवटी खाली एवढेच यायला पाहिजेत."